प्रतिकारशक्तीतली मुख्य पेशी कोणती?

प्रतिकारशक्तीत मुख्य पेशी कोणती, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाशिकला मायक्रोबायॉलॉजी शिकवते. निफाड, दिंडोरीहून येणारी मुलं विचारतात, रक्ताचा रिपोर्ट घेऊन त्यांचे पालकही विचारतात, "मॅडम, प्रतिकारशक्तीतली मुख्य पेशी कोणती? तेवढीच वाढवली तर?"

पीएचडी करताना मलाही वाटायचं, अशी एक मुख्य पेशी असणारच. मग उंदराची प्लीहा हाताळायला लागले. गडद लाल, बोटाच्या पेरापेक्षा बारीक, पण बारीक जाळीवर चोळली की 10 कोटींच्या आसपास पेशी मोकळ्या होतात. त्या बशीत घालून 37 अंशांवर ठेवल्या की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, तळाला चिकटतात; लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वर तरंगत राहतात. हलक्या हातानं द्रव काढून घ्यायचा, झाले दोन गट.

1967 मध्ये डोनाल्ड मोझिअर या संशोधकांनी असेच गट करून त्यांना परका पदार्थ म्हणून मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी दिल्या. चिकटलेल्या पेशींना एकट्यानं अँटीबॉडी, म्हणजे परक्या पदार्थाला चिकटणारी प्रथिनं, करता येईनात, तरंगणाऱ्यांनाही नाही. दोन्ही एकत्र केल्या आणि अँटीबॉडी आल्या. मी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. अँटीबॉडीमुळे तांबड्या पेशी फुटतात, तिथं त्यांच्या थरात स्वच्छ गोल ठिपके उमटतात, एकेका ठिपक्याच्या मधोमध अँटीबॉडी सोडणारी एकच पेशी. एकत्र बशीतले ठिपके मोजता मोजता मान अवघडायची. वेगळ्या बशांत मोजण्यासारखं फारसं काही नसायचं. त्या रात्री मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकापाशीच बसून राहिले.

मोझिअर यांच्या प्रयोगाच्या आदल्या वर्षी क्लॅमन आणि सहकारी संशोधकांना किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांत तसंच दिसलं होतं: नुसत्या थायमसच्या (छातीतल्या एका ग्रंथीच्या) पेशी दिल्या तर किरकोळ प्रतिसाद, नुसत्या अस्थिमज्जेच्या दिल्या तरी किरकोळ, दोन्ही दिल्या की बेरजेपेक्षा कितीतरी जास्त. 1968 मध्ये मिलर आणि मिचेल यांनी उलगडा केला. अँटीबॉडी करतात मज्जेतून आलेल्या पेशी, म्हणजे बी; थायमसच्या टी पेशी त्यांना मदत करतात. या दोन्ही लिम्फोसाइटच.

पण टी पेशीला जागं कोण करतं? 1973 मध्ये स्टाइनमन आणि कोन यांना उंदराच्या प्लीहेतच फांद्याफांद्यांची डेंड्रिटिक पेशी सापडली. ती जंतूचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडून टी पेशीला दाखवते आणि सोबत दुसरा संकेतही देते. नुसता तुकडा दिसला, दुसरा संकेत आला नाही, तर टी पेशी गप्प होते, आणि पुढं दोन्ही मिळाले तरी सहसा उठत नाही.

म्हणून कुणी "टी पेशी वाढवणारी" औषधाची बाटली दाखवली की मी आधी विचारते, त्या पेशींना दुसरा संकेत देणार कोण?