पुढचं तिकीट कुठाय?

“रिटर्न तिकीट?” बँकॉकच्या विमानाच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“नाही, आम्ही तिथून पुढे मलेशियाला जाणार आहोत,” मी म्हणाले. जरा मिरवतच म्हणाले.

“मग मलेशियाचं तिकीट?”

इथे आमचं गाडं अडलं. ही जुलै २०२५ मधली गोष्ट. दोघांनी बिनपगारी रजा काढली होती आणि थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम, शेवटी फिलिपिन्स असा बेत आखला होता. थायलंडमध्ये तेव्हा भारतीय पासपोर्टवर ६० दिवस व्हिसाशिवाय राहता येत होतं. मे महिन्यापासून सक्तीचं झालेलं त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्डही आम्ही निघण्याच्या दोन दिवस आधी भरलं होतं. व्हिसाच लागत नाही म्हटल्यावर आणखी काय लागणार, असा आमचा हिशेब. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने हत्याईला जायचं आणि तिथून पाडांग बेसारला सीमा ओलांडायची. हत्याईचं रेल्वे तिकीट नवऱ्याने ऐटीत पुढे केलं. तिने ते वाचलं आणि परत दिलं.

“सर, हे थायलंडमधून थायलंडमध्येच जातंय.”

मग तिचे साहेब आले. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट नसेल तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो, अशी ओळ होती.

“जाऊ शकतो,” नवरा म्हणाला. “जाईलच असं नाही.”

“बरोबर आहे. पण नाकारला, तर तुम्हाला परत आणायचं कोणी?”

याला उत्तर नव्हतं. ट्रॉली बाजूला घेतली आणि फोनवर बँकॉक–क्वालालंपूरचं स्वस्तात स्वस्त तिकीट शोधलं. पैसे भरायला ओटीपी हवा, आणि ओटीपी येणार नवऱ्याच्या नेहमीच्या नंबरवर. ते सिम त्याने घरून निघतानाच काढून पाकिटात ठेवलं होतं. सिमचा कप्पा उघडायची पिन अर्थातच मोठ्या बॅगेच्या तळाशी. शेवटी माझ्या कानातल्याच्या दांडीने कप्पा उघडला. काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं उरली असताना हातात बोर्डिंग पास पडले. ते क्वालालंपूरचं तिकीट आम्ही कधीच वापरलं नाही. पैसेही परत मिळण्यातले नव्हते.

आणि बँकॉकला? इमिग्रेशनवरच्या माणसाने फोटो घेतला, बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला. तिकिटाबद्दल चकार शब्द नाही. माणशी २०,००० बाथ किंवा कुटुंबाला ४०,००० बाथ जवळ असल्याचं दाखवावं लागू शकतं म्हणून आम्ही पाकीट हातात धरूनच उभे होतो. तेही विचारलं नाही.

पुढच्या चार महिन्यांत हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसलं. पुढच्या तिकिटाचा नियम असतो त्या देशाचा, पण तो राबवते एअरलाइन. एखाद्याला प्रवेश नाकारला गेला तर ज्या विमान कंपनीने त्याला आणलं तिनेच त्याला परत न्यायचं, हे १९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात आहे, वर कित्येक देश कंपनीला दंडही करतात. म्हणून काउंटरवरचे लोक त्यांच्या स्क्रीनवर टिमॅटिक नावाची यादी बघतात. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयाटा, ती चालवते. कोणत्या पासपोर्टवर कुठून कुठे जायला काय लागतं ते त्यात असतं. वकिलातीच्या वेबसाइटवर काय लिहिलंय यावर काउंटरवर वाद घालू नये, तिथे टिमॅटिकच खरं. बऱ्याच एअरलाइन्सच्या साइटवर हीच माहिती प्रवाशालाही बघता येते. आम्हाला हे आधी कळलं असतं तर माझं कानातलं वाकलं नसतं.

पाडांग बेसारचा अनुभव त्या मानाने गोड. एकाच स्टेशनात आधी थायलंडचा शिक्का, मग चार पावलांवर मलेशियाचा, आणि तेवढ्यात घड्याळ एक तास पुढे. मलेशियाने भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसामाफी दिली आहे, फक्त त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरलेलं हवं. रेल्वेने सीमा ओलांडताना पुढचं तिकीट विचारायला काउंटरच नाही, ही एक मजाच.

खरी परीक्षा झाली क्वालालंपूरहून बालीला निघताना.

एव्हाना आम्ही शहाणे झालो होतो. निदान तसं वाटत होतं. इंडोनेशियाचा ई-व्हिसा ऑन अरायव्हल माणशी ५,००,००० रुपिया भरून काढलेला, मुदत ३० दिवस. बालीहून हो ची मिन्ह सिटीचं पुढचं तिकीट काढलेलं. व्हिएतनामच्या ई-व्हिसाचे अर्ज भरलेले. नवऱ्याची एक्सेल शीट सगळीकडून हिरवी. आदल्या रात्री मी सहज माझा व्हिएतनामचा व्हिसा आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघितले.

माझा पासपोर्ट लग्नाआधीचा. आडनाव माहेरचं, आणि नावाच्या रकान्यात माझं नाव, मग वडिलांचं नाव. मराठी माणसाच्या पासपोर्टवर हे असंच असतं, आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. व्हिएतनामच्या अर्जात आडनावाचा एक रकाना आणि मधलं नाव व स्वतःचं नाव मिळून दुसरा. मी दुसऱ्यात नुसतं स्वतःचं नाव टाकलं होतं. घरी, ऑफिसात, बँकेत, कुठेच कोणी मला वडिलांच्या नावाने हाक मारत नाही, म्हणून हात आपोआप तेवढ्यावर थांबला. पासपोर्टच्या खालच्या त्या बाणाबाणांच्या ओळीत मात्र वडील ठळक उभे. व्हिसावर गायब.

“चालून जाईल गं,” नवरा म्हणाला.

मला ते ‘चालून जाईल’ चालणार नव्हतं. रात्री साडेअकराला नव्याने अर्ज केला, पुन्हा २५ डॉलर भरले. ही फी परत मिळत नाही, चूक तुमची असो वा कोणाची. निकालाला कामकाजाचे तीन दिवस. म्हणजे २० ऑगस्टला सकाळी आम्ही काउंटरवर उभे राहिलो तेव्हा नवऱ्याकडे व्हिएतनामचा व्हिसा होता आणि माझ्याकडे ‘अर्ज विचाराधीन’ लिहिलेलं पान.

काउंटरवर डोक्याला स्कार्फ बांधलेली, चष्म्यातली, शांत मुलगी. तिने बालीचे व्हिसे बघितले. पुढचं तिकीट बघितलं. मग टेबलावरचं कॅलेंडर ओढून घेतलं आणि पेनाच्या टोकाने एकेक चौकोन मोजायला लागली. २० ऑगस्ट, एक. २१, दोन. ऑगस्ट संपला तेव्हा बारा. १८ सप्टेंबरवर पेन थांबलं: तीस.

“तुमचं विमान १९ चं आहे.”

“१८ च्या रात्रीचं,” नवरा म्हणाला.

“१९ तारखेला, रात्री बारा चाळीसला,” ती म्हणाली.

इंडोनेशियात उतरल्याचा दिवस हाच पहिला दिवस धरतात. आम्ही २० तारीख सोडून मोजलं होतं, वर रात्री बारानंतरचं विमान आदल्या दिवसाच्या खात्यात टाकलं होतं. दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दर माणशी दर दिवसाला १० लाख रुपिया दंड. नवऱ्याने मुद्दा काढला की आम्ही इमिग्रेशन १८ लाच रात्री दहाला पार करणार, शिक्का १८ चाच पडणार. मला तो पटला होता, खरं सांगते. तिलाही पटला असावा. पण ती म्हणाली, “शिक्का कधी पडेल ते मला दिसत नाही. तिकिटावरची तारीख दिसते.”

आणि मग माझ्याकडे बघून, “तुमचा व्हिएतनामचा व्हिसा?”

हे मला नवीन होतं. पुढचं तिकीट असून भागत नाही, त्या पुढच्या देशात जायचे कागदही लागतात, नाहीतर ते तिकीट कसलं पुढचं? माझ्यासाठी ते तिकीट त्या क्षणी तरी हवेतलं होतं. नवऱ्याला जाऊ देतील, मला नाही, असा प्रकार. एकाच पीएनआरवर दोघांची नावं असली म्हणून कोणी आपल्याला जोडपं म्हणून तपासत नाही. दोन पासपोर्ट, दोन स्वतंत्र माणसं.

युक्ती तिनेच सुचवली. “परत क्वालालंपूरला या ना. मलेशियाला तुम्हाला दोघांनाही व्हिसा लागत नाही.” आम्ही तिथेच १७ सप्टेंबरचं बाली–क्वालालंपूर तिकीट काढलं. सिम या वेळी फोनमध्येच होतं. व्हिएतनामचं आधीचं तिकीट बुडालं, पण हे नवं आम्ही खरोखर वापरलं: दोन रात्री क्वालालंपूरला काढल्या, मलेशियाचं अरायव्हल कार्ड पुन्हा भरलं आणि १९ ला हो ची मिन्ह सिटीला गेलो. माझा दुसरा व्हिसा तोवर वडिलांसकट आला होता.

तेव्हापासून माझा नियम एकच. पुढचं तिकीट अशा देशाचं काढायचं जिथे आम्हाला दोघांनाही व्हिसाशिवाय जाता येतं, आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधीचं. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा जर्मन आहे, तिच्यासाठी तर हे आणखीच किचकट. व्हिएतनामला तो ४५ दिवस व्हिसाशिवाय, तिला ई-व्हिसा. फिलिपिन्समध्ये त्याला ३० दिवस, तिला १४. दोघांचं तिकीट एकच असेल तर ते नेहमी कमी दिवसांच्या पासपोर्टवर ठरवायचं.

भाड्याच्या तिकिटांचं काय, असं मला बरेच जण विचारतात. थोडे पैसे घेऊन खरं आरक्षण करून देणाऱ्या, दोन दिवसांनी ते रद्द करणाऱ्या साइट आहेत. वाटेत भेटलेल्या एका जोडप्याने तेच वापरलं आणि त्यांचं निभावलं. मला ते झेपलं नसतं. काउंटरवर पीएनआर टाकल्यावर आरक्षण दिसतं, पण तिकीट नंबर नसतो, आणि विमान लेट झालं तर उतरेपर्यंत आरक्षणही उडालेलं असू शकतं. कोणी तर जुन्या पीडीएफवरची तारीख बदलतात. ती सरळ बनावट कागदपत्रं झाली. चाळीस मिनिटं वाचवण्यासाठी परदेशी इमिग्रेशनसमोर खोटा कागद ठेवायची माझी तरी छाती नाही.

फिलिपिन्सला मात्र कायदा शब्दशः पाळतात. तिथली व्हिसामाफी आपल्यासाठी ८ जून २०२५ पासूनची, साधारण प्रवाशाला १४ दिवस, आणि ती वाढवून मिळत नाही. आम्ही मुद्दाम बारा दिवसांचंच ठरवलं होतं. ई-ट्रॅव्हल, म्हणजे त्यांची आगमनाची ऑनलाइन नोंदणी, तिचे क्यूआर कोड दोघांच्या फोनवर वेगवेगळे. हो ची मिन्ह सिटीच्या काउंटरवर परतीचं तिकीट विचारलं, मनिलाला इमिग्रेशनवर पुन्हा विचारलं. नवरा शेजारच्या खिडकीतून दोन मिनिटांत पार. माझ्या खिडकीतल्या बाईंनी हॉटेल, दिवस, तिकीट बघितलं आणि विचारलं, खर्च कोण करतंय?

“नवरा आणि मी, दोघं मिळून.”

“नवरा कुठे आहेत?”

मी बोट दाखवलं. काचेपलीकडे उभा राहून तो माझी बॅग सांभाळत होता. बाईंनी माझ्या पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं. वडिलांचं नाव, आईचं नाव, आणि जोडीदाराच्या नावापुढे कोरं. त्याच्याही पासपोर्टवर कोरंच, दोघांचे पासपोर्ट लग्नाआधीचे. आडनावंही वेगळी. कागदावर आमचा एकमेकांशी काही म्हणजे काही संबंध नव्हता. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र होतं, पण ते नवऱ्याच्या फोनमध्ये, काचेपलीकडे. सुदैवाने संयुक्त खात्याचं स्टेटमेंट माझ्याकडे छापील होतं, त्यावर दोघांची नावं. त्यांनी ते वाचलं, एकदा काचेपलीकडे बघितलं. त्याने उगाचच हात हलवला. शिक्का पडला.

आता प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तिकिटं, व्हिसे, हॉटेलं, विमा, लग्नाचा दाखला, सगळं.

परत आल्यावर दोघांनीही पासपोर्ट नूतनीकरणाचा अर्ज भरायला घेतला. जोडीदाराच्या रकान्यात एकमेकांची नावं टाकली. “आडनावही बदलून टाकायचं का याच वेळी?” नवऱ्याने विचारलं. मी नको म्हटलं. नावाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, पुढे एक जागा सोडली आणि वडिलांचं नाव पूर्ण टाइप केलं.