औंध: टेकडीवरची चित्रं आणि पायथ्याचं गाव

रहिमतपूर मागे पडलं की हिरवाई पातळ व्हायला लागते. सातारा जिल्ह्यातला हा खटाव तालुका पर्जन्यछायेतला, त्यामुळे ज्वारीची रानं, बाभळी आणि मैलोन् मैल उघडे माळ. त्यातच एक टेकडी वर येते. माथ्यावर तटबंदीतलं यमाई देवीचं मूळपीठ, पायथ्याशी औंध. (पुण्यातलं औंध वेगळं. गाडीत बसण्याआधी नकाशावर खात्री करून घ्या, थट्टा नाही.)

गाव पायी फिरून सहज होतं. पण मार्च १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ही एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान तरी केवढं? ७२ गावं, आणि तीही सलग नाहीत. औंध इथे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेकडे, एक तुकडा थेट विजापूरकडे. मधे सगळा इंग्रजांचा मुलूख. कारभाऱ्यांचे घोडे निम्मा वेळ दुसऱ्याच्या हद्दीतून जात असणार.

१९०९ साली गादीवर आले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हा माणूस एका साच्यात बसत नाही. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, रामायणावर चित्रं काढून त्यांनी पुस्तकही छापलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनीच मोठा हात दिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला, त्याची १९१० साली किर्लोस्करवाडी झाली. आणि सूर्यनमस्कार! राजा स्वतः घालायचा आणि शाळेतल्या पोरांकडूनही घालून घ्यायचा. देवळाजवळच्या पारावर बसलेल्या एका आजोबांपाशी मी हा विषय काढला, तर ते हसले. "आमचं वडील सांगायचं, नमस्कार घातल्याबिगर वर्गात घेत न्हवते. पावसापाण्याचं सुदिक. तुमी घालता का?" मी विषय बदलला.

मूळपीठाच्या वाटेवर, टेकडीच्या उतारावर श्री भवानी संग्रहालय आहे. १९३८ साली खुलं झालं. लोक औंधला येतात ते बहुतेक यासाठीच, आणि यावंच. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' इथे आहे. कीचकाकडे जायला निघालेली द्रौपदी. छापील प्रतींमधून ती कितीदा तरी पाहिलेली असते. पण समोर उभं राहिल्यावर कळतं की सगळं चित्र तिच्या खांद्यांत आहे. मान वळलेली, अंग आखडलेलं, पाय उचलायचा आहे आणि उचलत नाही. मी तिथे एवढा वेळ उभा राहिलो की पहारेकरी येऊन शेजारी उभा राहिला. त्याच संग्रहालयात हेन्री मूरचं माय-लेकराचं छोटंसं शिल्प आहे. विसाव्या शतकातला एवढा नावाजलेला इंग्रज शिल्पकार खटावच्या माळावर भेटतो, आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता शाळेची सहल पुढच्या दालनात पळते. पोरांचं बरोबर होतं, पुढे हत्यारं होती.

माझ्या मते मात्र औंधची खरी करामत टेकडीवर नाही. ती बघायला मिळत नाही, कारण ती कागदावरची आणि गावागावांतली होती. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश ज्यू इंजिनिअर बंगळूरच्या कारखान्यातून इकडे ओढला गेला. राजपुत्र आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून आले होते. दोघांनी राजाच्या मनात भरवलं की सत्ता रयतेला देऊन टाकावी. मसुदा गांधीजींपुढे गेला, त्यांनी सेवाग्रामला त्यात स्वतः लक्ष घातलं, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधला स्वराज्याची घटना लागू झाली. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींमधून तालुका, तालुक्यांमधून विधिमंडळ. भांडणतंटे होता होईल तो गावातच मिटवायचे. दिल्लीत आपली राज्यघटना यायला अजून दहा-अकरा वर्षं होती.

राजांना उगाच देव्हाऱ्यात बसवायची मला हौस नाही. गांधीजींचा वचक आणि तरुण मुलाचा आग्रह नसता तर हे झालं असतं का, कोण जाणे. पण सत्ता सोडणारे राजे आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके, त्यात यांचं नाव आहे हे खरंच. याचा उपयोगही झाला. बेचाळीसनंतर साताऱ्यात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं समांतर सरकार, उभं राहिलं, तेव्हा भूमिगतांना संस्थानी हद्दीचा आडोसा मिळाला. नकाशावरचे विस्कळीत तुकडे अशा वेळी कामाला आले.

गावाचं आजचं जगणं मात्र राजावर नाही, देवीवर चालतं. पौषातली यमाईची यात्रा हे गावचं वर्षाचं कॅलेंडर. मुंबई-पुण्याला गेलेली पोरं दिवाळीला एकवेळ यायची नाहीत, यात्रेला येतात. गावातल्या देवळासमोरची उंच दीपमाळ बघायला मान पार मागे टाकावी लागते.

दुसरी गर्दी आश्विनात, संगीत महोत्सवाला. ग्वाल्हेर घराण्याचे अंतुबुवा जोशी यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली तो सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो वाढवला. गाणं आणि व्हायोलिन दोन्हींत तयार असलेला हा माणूस ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही गायक्या पचवून बसला होता. शहरातल्या महोत्सवांसारखे इथे सोफे नाहीत. सतरंजीवर मांडी घालायची. रागाचं नाव ठाऊक नसलेले गावकरी शेवटपर्यंत बसतात, आणि तान जमली की बरोबर जागेवर दाद देतात.

जाणार असाल तर सकाळी आधी मूळपीठ चढा, उन्हं तापली की पायऱ्या जीव काढतात. उतरताना संग्रहालयाला निदान दोन तास ठेवा. गाडी स्वतःची असेल तर दुसऱ्या दिवशी आटपाडीकडे वळवा. तिथलं स्वतंत्रपूर, म्हणजे कैद्यांना बेड्या न घालता शेती करायला ठेवलेली वसाहत, याच संस्थानाने १९३९ साली वसवली. तिच्यावरून पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा गाजलेला सिनेमा निघाला, तो तुम्ही पाहिलाच असेल.