क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना!

"रक्तात क्रिएटिनिन ०.९ आलंय, म्हणजे किडनी ठीक, मग परत लघवी कशाला?" आज लॅबच्या काउंटरवर शेजारचे काका जवळजवळ भांडलेच. मधुमेह जुना, आवाज त्याहून खणखणीत.

काउंटरवरच्या मुलीने शांतपणे डबी पुढे केली. "काका, ही साखरेसाठी नाही, अल्ब्युमिन या प्रथिनासाठी आहे."

बरोबर बोलली. मूत्रपिंडाचं निम्मं काम मंदावेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. अल्ब्युमिन बहुतेकदा त्याच्या बरंच आधी लघवीत झिरपू लागतं, तेही ना सूज, ना दुखणं. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅम किंवा जास्त आलं तर पुन्हा तपासून खात्री करायची. तेव्हा औषधं सुरू केली तर पुढचं नुकसान बरंच लांबवता येतं.

टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदानापासूनच दरवर्षी हवी. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, मात्र आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ!

तुमच्या घरी शेवटची कधी केली होती?