वेलचीच्या गावात वेलची नाही

मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशाच्या राजधानीतून, ग्वातेमाला शहरातून, निघालेली बस एल रांचोला हमरस्ता सोडून घाटाला लागली आणि निवडुंगांची भाजकी जमीन मागे पडली. पुरुल्हाला धुकं. कोबानला उतरलो तर पाऊस धड पडतही नव्हता, धड थांबतही नव्हता. या भुरभुरीला इथे 'चिपी-चिपी' म्हणतात. उंची साधारण १३०० मीटर, म्हणजे आपलं महाबळेश्वरच. फक्त स्ट्रॉबेरी विकणारे नाहीत.

कोबान हे आल्ता वेरापास प्रांताचं मुख्य ठिकाण. बाजारात कानावर पडते ती केक्ची, माया लोकांची भाषा, स्पॅनिश गिऱ्हाइकापुरती. एकोणिसाव्या शतकात जर्मन मळेवाले आले, त्यांनी डोंगर कॉफीखाली आणले आणि केक्ची शेतकरी आपल्याच जमिनीवर मजूर झाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने जर्मनांचे मळे जप्त केले.

मला ओढ होती वेलचीची. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचं हे झाड पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने इथे आणलं आणि पुढे निर्यातीत ग्वातेमालाने भारतालाही मागे टाकलं. शहराबाहेर, खालच्या उबदार, दमट उतारांवर ती पिकते. बहुतेक शेतकरी छोटे. ओली फळं पाठीवरून रस्त्यापर्यंत आणायची आणि दलालाला द्यायची. या दलालाला इथे 'कोयोते' म्हणतात, म्हणजे कोल्ह्याच्या जातीचा प्राणी! भाव तोच सांगणार, कारण ओली वेलची घरात ठेवून चालत नाही. हापूसवाल्यांना हे वेगळं समजावायला नको. एक किलो सुक्या वेलचीला चार-पाच किलो ओली लागते. भट्टीत लाकडं जाळून ती सुकवतात, हिरवा रंग टिकला तर किंमत. जंगल त्या भट्ट्यांतही जातं. खरा पैसा भट्टीपासून पुढे सुरू होतो, असं माझं मत झालं.

माल जातो अरब देशांत, तिथल्या कॉफीत. मी उतरलो होतो त्या घरच्या बाईंच्या स्वयंपाकघरात मात्र एक दाणा नव्हता. काक-इक या टर्कीच्या तिखटजाळ रश्श्यातही नाही. "ती विकायची असते," त्या म्हणाल्या.

मग बाजारातून मूठभर आणून मी चहा केला, आपल्यासारखा, दूध घालून उकळून. बाईंनी दोन घोट घेतले, हसल्या, आणि कप हळूच माझ्याकडे सरकवून स्वतःसाठी कॉफी ओतून घेतली.