हॅनफर्डच्या लायगोत औंढ्याचं सामान

यंदा बाबा पहिल्यांदा सिएटलला आले आणि रेनिअर झालं, स्पेस नीडल झालं, बोइंगची फॅक्टरी झाली, पण त्यावर मी काही लिहिणार नाहीये, ते सगळं इतरांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते हॅनफर्डच्या लायगोबद्दल आणि त्यातही मुख्यतः एका पुलावरच्या गप्पांबद्दल.

लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांमुळे अवकाशातच उठणारे अतिसूक्ष्म तरंग, पकडणारी वेधशाळा. अमेरिकेत अशा दोन आहेत, एक लुइझियानात लिव्हिंगस्टनला आणि दुसरी आमच्या वॉशिंग्टन राज्यात, रिचलँडच्या उत्तरेला. ठरावीक शनिवारी लोकांसाठी टूर असते, पैसे लागत नाहीत, म्हणून इथल्या काही मराठी फॅमिलींनी मिळून जायचं ठरवलं. आमचं गाव वसमत, जिल्हा हिंगोली, आणि भारतातली लायगो होणार आहे ती आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथला. बाबा झेडपीच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेत. त्यामुळे ग्रुपमधल्या बाकीच्यांसाठी ही वीकेंडची ट्रिप असेल, बाबांसाठी अजिबात नव्हती, ते आदल्या रात्रीच इस्त्रीचा शर्ट काढून बसले होते.

स्नोक्वाल्मीचा घाट उतरेपर्यंत सगळं हिरवंगार आणि याकिमाच्या पुढे एकदम उघडा माळ, वाळकी खुरटी झुडपं, झाड म्हणून नाही. हॅनफर्ड हे नाव खरं तर अणुबॉम्बमुळे माहीत असतं. 1943 मध्ये सरकारने हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही गावं रिकामी करून घेतली, इथल्या मूळ रहिवासी वानापम लोकांनाही त्यांच्या नदीकाठच्या जागा सोडाव्या लागल्या, आणि मग इथे बनलेलं प्लुटोनियम नागासाकीच्या बॉम्बमध्ये गेलं. हे मी गाडीत बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग फक्त एवढंच विचारलं की त्या गावच्या लोकांना जमिनीचे पैसे तरी नीट मिळाले का.

आत सुरुवातीला माहिती, मॉडेल्स, व्हिडिओ. ते छान आहे पण मला घाई होती बाहेर पडायची. ग्रुपमधल्या काहींना वेगळीच घाई होती, याकिमा व्हॅलीतल्या वाइनरीचं दुपारचं बुकिंग होतं आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी घड्याळ दाखवत होतं. याचा मला भयंकर राग येतो. इतक्या लांब गाडी चालवत यायचं, जगात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या, समोर तिथेच काम करणारी शास्त्रज्ञ स्वतः समजावून सांगतेय आणि आपण मोबाइलमध्ये मेन्यू बघायचा!

तर पूल. लायगोचे दोन हात आहेत, एकमेकांना काटकोनात, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. आत स्टीलची नळी, व्यास 1.2 मीटर, तिच्यावर काँक्रीटचं कवच. एका हातावरून छोटा पूल आहे, तिथे आम्हाला नेलं. वर उभं राहिलं की खाली ती काँक्रीटची रेघ सरळ निघते आणि बारीक होत होत माळात हरवते. कवचाला लागून वाऱ्याने आणलेल्या गोल वाळक्या काटेरी झुडपांचा ढीग साचतो, तो इतका होतो की मशिनने त्याचे गठ्ठे बांधून हलवावे लागतात. नळीतली हवा काढून टाकायला 40 दिवस पंप चालले होते. लेझरचा किरण दोन्ही हातांत आरशांमधून साधारण 300 वेळा ये-जा करतो, आणि लहर आली की एक हात किंचित लांब होतो, दुसरा किंचित आखूड. किंचित म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी कमी.

आणि मग ती गाइड म्हणाली की नळी बांधताना पृथ्वीची गोलाई विचारात घ्यावी लागली, 4 किलोमीटरमध्ये एक मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. मी भाषांतर करून सांगतेय तोवर बाबांनी खिशातलं पेन काढलं, हातातल्या माहितीपत्रकाच्या मागे चार चोक सोळा लिहिलं, त्याला पृथ्वीच्या व्यासाने म्हणजे 12,742 ने भागलं, किलोमीटरचे मीटर केले आणि कागद तिच्यासमोर धरला. "मॅडम, सव्वा मीटर." हे मराठीतच! तिने कागद बघितला, बाबांकडे बघितलं आणि मनापासून खूश झाली हो ती. मग तिने मला विचारलं, हे कुठून आलेत. मी म्हटलं हिंगोली. मला वाटलं आता इंडिया, महाराष्ट्र, पुणे असं समजावून सांगावं लागणार, तर ती लगेच म्हणाली, "लायगो इंडिया!"

पुढचं ऐकून तर माझ्या अंगावर काटाच आला. पूर्वी इथे एकाच नळीत दोन यंत्रं होती, एक 4 किलोमीटरचं आणि एक 2 किलोमीटरचं. नवीन जास्त संवेदनशील यंत्रं करायची ठरली तेव्हा तीन संच बनवायचे होते, एक लिव्हिंगस्टनसाठी आणि दोन इथल्यासाठी. पण एकाच जागी दोन यंत्रं ठेवून लहर आकाशात कुठून आली ते कळत नाही, त्यासाठी लांब लांब अंतरावर यंत्रं लागतात, लहर कुठे आधी पोचली आणि कुठे नंतर यावरून दिशा निघते. 2015 मध्ये पहिली लहर लिव्हिंगस्टनला इथल्यापेक्षा 7 मिलिसेकंद आधी पोचली होती, पण दोनच यंत्रं असल्याने उगम कुठे असेल तो आकाशाचा पट्टा प्रचंड मोठा निघाला. म्हणून इथला तिसरा संच भारतासाठी राखून ठेवला.

बाबांना हे सांगितलं. ते कठड्याला धरून उभे होते. "म्हणजे आपलं सामान इथं तयार होऊन बसलंय आणि तिकडं घराचा पत्ता नाही," म्हणाले. मग मोठ्याने, "हे कामून?" या कामूनचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पहिल्या लहरीची घोषणा 11 फेब्रुवारी 2016 ची, लायगो इंडियाला आपल्या सरकारची तत्त्वतः मंजुरी 17 फेब्रुवारीची, सहा दिवसांत! आणि 2,600 कोटींची पूर्ण मंजुरी एप्रिल 2023 मध्ये. मध्ये सात वर्षं गेली. लहरी शोधायचं गणित रचण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचा केवढा वाटा, आणि यंत्रासाठी मात्र आपण ताटकळत बसायचं, याचं मला मनापासून दुःख होतं.

कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन आहेत. तिथे त्यांनी त्या 14 सप्टेंबर 2015 च्या लहरीचा आवाज ऐकवला, सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा, खालून वर चढत जाणारा. दोन कृष्णविवरं 130 कोटी वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळली तेव्हाचा. इथे तेव्हा पहाटेचे 2 वाजून 50 मिनिटं, आपल्याकडे दुपारचे 3 वाजून 20 मिनिटं, गणपतीच्या तीन दिवस आधी. बाबा म्हणाले, दुष्काळाचं वर्ष होतं ते, मी वर्गात असेन.

मग बाबांचे प्रश्न सुरू झाले आणि मी मध्ये भाषांतर करत राहिले. औंढ्याला महाशिवरात्रीला लाखो माणूस येतं, डीजे असतात, त्याचं काय? ती म्हणाली इथेही दिवसा ट्रकांची थरथर स्क्रीनवर दिसते, पण आरसे 40 किलोचे आहेत आणि चार टप्प्यांच्या लंबकावर टांगलेत, ती थरथर त्यांच्यापर्यंत फारशी पोचू देत नाहीत. भूकंपाचं काय, 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोलीत 4.5 चा धक्का बसला, घरातली भांडी वाजली? त्यावर तिने टाळलं नाही, सरळ सांगितलं की जगात कुठेही मोठा भूकंप झाला तरी इथलं लॉक सुटतं, म्हणजे लेझर आणि आरशांची नेमकी जुळणी मोडते, मग जमीन शांत व्हायची वाट बघून पुन्हा जुळवतात. पोरांसाठी तिने डोमकावळ्यांचा किस्सा सांगितला, 2017 मध्ये गूढ ठोके यायला लागले आणि शोधलं तर नायट्रोजनच्या पाइपवरचं बर्फ कावळे टोचत होते.

तोवर ग्रुप पार्किंगमध्ये जाऊन उभा होता. कुणीतरी हॉर्न वाजवला, एका वेधशाळेच्या दारात! गाइडने मात्र बाबांना घाई केली नाही, शेवटचा प्रश्न संपेपर्यंत थांबली, त्यांचा सव्वा मीटरवाला कागद मागून घेतला आणि हात जोडून नमस्कार केला.

वाइनरीला आम्ही गेलो नाही. रिचलँडला नदीकाठी सँडविच खाताना बाबांनी वसमतच्या त्यांच्या जुन्या हेडमास्तरांना फोन लावला, तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती तरी. औंढ्याचं सुरू झालं की पहिली सहल आपल्या शाळेची गेली पाहिजे, आत्तापासून अर्ज करून ठेवा, असं सांगत होते. तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा, आई-बाबांना घेऊन जा, फक्त त्या दिवशी दुसरं काही बुक करू नका. आम्ही पुन्हा जाऊ तेव्हा ग्रुप नको, आपले आपणच.