धुरा

धुऱ्याचं एक प्रकरण अपिलात छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात चाललं होतं, म्हणून मूळ मराठी दावा इंग्रजीत करायला चॅटबॉटला दिला. ‘प्रतिवादीने सामाईक धुरा कोरला.’ त्यानं लिहिलं, शेजाऱ्यानं दोघांच्या मालकीच्या गाडीचा आस कोरला! आमच्या परभणीकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, हे त्याला कुणी सांगावं? मी सांगितलं. त्यानं लगेच क्षमा मागितली, माझं किती बरोबर आहे तेही मलाच सांगितलं, आणि बांधाचं धरण करून टाकलं. इथं हातभर धुऱ्यापायी तीन पिढ्या कोर्टात, आणि याच्या इंग्रजीत जायकवाडी फुटलेलं.

तरी सोडवत नाही. चाळीस पानी निकालाचं सार चहा येईपर्यंत समोर ठेवतो. माझ्या नोटिशीतला राग काढून ती सभ्य करतो (पक्षकाराला ती मग फिकी वाटते, हा भाग वेगळा). सुरुवातीला तर मी निवाडेही त्यालाच मागायचो. एकदा नाव, साल, पान नंबरासकट असा नेमका दिला, की मी हरखलोच. रात्री अकरापर्यंत शोधला. असा निवाडा कधी झालेलाच नव्हता. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी असेच चॅटबॉटचे सहा निवाडे कोर्टात दिले होते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोकला. हा गडी कपाट उघडून काही शोधत नाही, शब्दापुढं शोभेल तो शब्द मांडत जातो. निवाडा मागितला की निवाड्यासारखं काहीतरी निघतं.

परवा त्याच दाव्यातली निजामाच्या काळातली उर्दू नक्कल निघाली. फसली १३४७, म्हणजे निजामाच्या महसुली सनातलं साल. आमच्या मुन्शीजींनी बोटांवर ५९० मिळवले, “१९३७.” मी मोबाईलवर फोटो काढून चॅटबॉटला दिला. त्यानं कब्जेदाराचं नाव, बापाच्या नावासकट, झटक्यात वाचून दाखवलं.

मुन्शीजींनी चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाजवळ नेला.

“साहेब, हे नाव कुठून आणलं वो यानं?”

“का? दुसरं आहे का?”

“तिथं कसर लागलीय. भोक हाय.”

त्यांनी कागद खिडकीकडं धरला. कब्जेदाराच्या रकान्यातून समोरच्या झेरॉक्सवाल्याची पाटी दिसत होती.