सावलीतला नॉइज
आज एका जाणकार मित्राला संध्याकाळी झाडाखाली काढलेलं पोर्ट्रेट दाखवलं. वाटलं होतं, ‘आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० इतका जास्त, मग नॉइज (फोटोतले दाणेदार ठिपके) येणारच’ म्हणून सोडून देईल. पठ्ठ्याने थेट १०० टक्के झूम केलं! उजेडातला गाल स्वच्छ, डोळ्यांखालच्या सावलीत मात्र लाल-हिरवे ठिपके. आयएसओ तर दोन्हीकडे तोच. पण सावलीतून सेन्सरवर प्रकाशच कमी पोचतो. एडिटिंगमध्ये शॅडोज वर ओढल्या, म्हणजे गडद भाग उजळले, की नॉइजही सोबत वर येतो. त्यात क्लॅरिटी (पोत आणि कडा ठळक करणारी सेटिंग) वाढवली की आगीत तेलच.

रंगीत ठिपके कलर नॉइज रिडक्शनने निमूट जातात. ल्युमिनन्सचा (उजळ-गडद दाणे घालवणारा) स्लायडर मात्र जपून सरकवायचा, नाहीतर त्वचेचा पोत, भुवयांचे केस सगळं पुसून चेहरा मेणाचा होतो. त्याचा उपाय पटला: मास्क करून (फोटोचे भाग वेगवेगळे निवडून) नॉइज रिडक्शन पार्श्वभूमीवर जोरात, चेहऱ्यावर हलकं, डोळ्यांना हातच लावायचा नाही.

‘आकाश जरा जास्तच निळं केलंयस’ हे त्याचं म्हणणं मात्र अजिबात मान्य नाही. (होतंच तेवढं निळं!)

फोटो फोनवर लहान करून बघितला तर बराचसा नॉइज दिसतही नाही. म्हणून इथे आहे तसाच टाकतोय, मोठ्या प्रिंटसाठी वेगळी फाइल करायला घेतली आहे.